फोडायच्या आधी बघणारा प्लंबर

डोंबिवलीहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. नाव-पत्ता गाळून ते थोडक्यात देते.

“मी ६४ वर्षांची निवृत्त शिक्षिका. आमची सोसायटी १९९६ सालची. दुसऱ्या मजल्यावर मी एकटीच राहते. दिवाळीपासून खालच्या शेजाऱ्यांच्या बाथरूमच्या छताला ओल आहे. आता पोपडे निघून थेंबही पडायला लागलेत. तीन प्लंबर आणून झाले. पहिला दोन मिनिटं उभा राहिला आणि म्हणाला, सगळ्या लाद्या फोडून नवी लाइन टाकावी लागेल. दुसऱ्याने लाद्यांच्या सांध्यांत व्हाइट सिमेंट भरलं, पैसे घेतले, आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच. तिसरा म्हणतो केमिकल ओतू. मुलगा बंगळुरूला असतो, तो म्हणतो अ‍ॅपवरून बोलाव. खालच्या वहिनींचा रोज फोन येतो, जिन्यात भेटल्या तर मान वळवतात. मला यातलं काही कळत नाही. शिकलेला, खात्रीचा प्लंबर ओळखायचा कसा? त्यांना काही सर्टिफिकेट असतं का?”

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही लिहिलंय की तुम्हाला यातलं काही कळत नाही. पण जे खटकायला हवं तेच तुम्हाला खटकलंय. पहिला प्लंबर “दोन मिनिटं उभा राहिला” हे तुम्ही मुद्दाम लिहिलंत. थेंब कधी पडतात, अंघोळीनंतर की दिवसभर, की रात्री सगळं घर झोपलेलं असतानाही, हे तिघांपैकी कुणी विचारल्याचं पत्रात नाही. खाली जाऊन ते छत कुणी पाहिल्याचंही नाही. म्हणजे तिघांनी सांगितले ते तीन अंदाज होते, आणि त्यातल्या एका अंदाजाचे पैसे तुम्ही भरून बसलात.

मी बरीच वर्षं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर देखरेख केली. चांगला प्लंबर ओळखायची एक खूण मला त्या काळात सापडली आणि तिने मला कधी दगा दिला नाही. छिन्नीला हात घालायच्या आधी तो किती वेळ नुसता बघतो, ती ही खूण.

ठाण्याच्या एका कामावर एक वयस्कर प्लंबर होते, सगळे त्यांना मामा म्हणत. एका घरात भिंतीला ओल होती आणि आधीच्या माणसाने अख्खी भिंत उकलायचा खर्च सांगितला होता. मामा आले, पिशवी खाली ठेवली, पण उघडली नाही. घरातले सगळे नळ बंद करायला लावले. मग पंखे बंद, फ्रीजसुद्धा बंद. खिशातून लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर काढला, त्याचं टोक अँगल कॉकवर, म्हणजे भिंतीतून पाइप बाहेर येतो तिथल्या छोट्या वॉल्व्हवर, टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. मग पुढचा कॉक, मग त्याच्या पुढचा. घरमालक चुळबुळ करत होते, मामा काही बोलेनात. वीसेक मिनिटांनी बेसिनखाली थांबले आणि स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातात दिला. मी कान लावला तर आत बारीक ‘स्स्स’ चालू होतं, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतं तसं. त्या जागची एकच लादी काढली. आतल्या एल्बोला, म्हणजे पाइप वळवणाऱ्या जोडाला, गंजून टाचणीएवढं भोक पडलं होतं.

असा माणूस तुम्हाला हवाय. तो शोधायच्या आधी तुमच्या गळतीबद्दल थोडं बोलू, कारण तेवढं माहीत असलं की समोरचा बोलतोय त्यात दम आहे की नाही ते तुमचं तुम्हालाच कळेल.

तुमच्या बाथरूममधून खाली पाणी जायला मुख्यतः तीन रस्ते आहेत. पहिला, नळाची दाबाखालची लाइन. १९९६ ची इमारत म्हणजे भिंतीत बहुतेक जीआय, म्हणजे लोखंडी पाइप असणार. या पाइपावर जस्ताचा थर असतो, पण आटे पाडताना तो थर निघून जातो, म्हणून गंज नेमका सांध्यापाशी धरतो. ही लाइन फुटली की तुम्ही नळ उघडा न उघडा, पाणी चोवीस तास झिरपतं. दुसरा रस्ता, वेस्टची, म्हणजे सांडपाण्याची लाइन. नहाणी ट्रॅप (लादीतल्या जाळीखालचं पाणी जायचं भांडं, पुढे मी त्याला नुसतं नहाणी म्हणते) आणि त्याला जोडलेला पाइप यांच्यामधला सांधा जुन्या इमारतींत हमखास सुटतो. तिथली गळती पाणी वापरलं तरच होते, आणि वापरल्यावर थोड्याच वेळात खाली दिसते. तिसरा रस्ता, लादीखालचं वॉटरप्रूफिंग. बाथरूमचा स्लॅब खोलगट असतो, त्यात विटांच्या तुकड्यांचा कोबा भरून वर लाद्या बसवतात. वॉटरप्रूफिंग फाटलं की पाणी त्या भरावात साठतं आणि स्पंजमधून निथळावं तसं तासन्‌तास, कधी दुसऱ्या दिवशीही, खाली येत राहतं. सगळ्यात फसवी गळती हीच.

आता त्या तिघांचे उपाय पाहा. व्हाइट सिमेंटने लाद्यांच्या वरच्या फटी बुजतात. ते जलरोधक नसतं, आणि त्याचा थोडाफार उपयोग झालाच तर तिसऱ्या प्रकारात, तोही काही दिवस. केमिकलचंही तसंच. गंजलेल्या पाइपाला पडलेलं भोक लादीवर ओतलेल्या केमिकलने बुजत नाही, कारण आतून दाबाने पाणी येत असतं. आणि सगळ्या लाद्या फोडायची वेळ येतेही कधी कधी, मी नाही म्हणत नाही. पण ती वेळ आली आहे हे आधी सिद्ध व्हायला हवं.

सिद्ध करायला यंत्रं लागत नाहीत. खालच्या वहिनींना विश्वासात घ्या. “वहिनी, मला तुमचं छत बघू द्या आणि दोन दिवस मदत करा” असं म्हणून स्वतः खाली जा. त्यांचा राग गळतीइतकाच इतक्या महिन्यांत वरून कुणी बघायलाही आलं नाही याचा असू शकतो. डाग कुठे आहे ते पाहा: तुमच्या नहाणीच्या बरोबर खाली, कमोडच्या बाजूला, की नळाच्या भिंतीलगत. मोबाइलवर फोटो काढा, तारखेसकट. थेंब पडतात तिथे बादली ठेवा आणि सकाळी पाणी वापरायच्या आधी एका मिनिटात किती थेंब पडतात ते मोजून कागदावर लिहा. डागाकडे पाहून निष्कर्ष काढू नका. भिजलेला स्लॅब वाळायला आठवडे लागतात, म्हणून आकडा थेंबांचा धरायचा.

पहिली परीक्षा तुम्ही स्वतः करू शकता. रात्री झोपताना तुमच्या घराला पाणी देणारा, डक्टमधला (पाइप वर-खाली नेणाऱ्या उभ्या पोकळीतला) किंवा गच्चीवरचा वॉल्व्ह बंद करा, एखादा नळ उघडून लाइन रिकामी होऊ द्या, आणि सकाळी उठल्यावर थेंब पुन्हा मोजा. चांगलेच कमी झाले किंवा थांबले, तर संशय नळाच्या लाइनीवर. दुसऱ्या रात्री घराचा वॉल्व्ह चालू ठेवून फक्त गिझरचा इनलेट, म्हणजे त्यात पाणी जायचा कॉक, बंद करा आणि बाथरूमच्या गरम पाण्याचा नळ उघडून दाब सोडा. आता थेंब थांबले तर गळती गरम पाण्याच्या लाइनीत आहे. बघा, दोन रात्रींत निम्म्या भिंती संशयातून सुटल्या.

पुढच्या परीक्षा प्लंबरने करायच्या. लादी ओली न करता नळीने थेट नहाणीत रंगीत पाणी सोडायचं (होळीचा उरलेला रंग चालतो) आणि खाली कुणीतरी उभं राहायचं. रंगीत थेंब आले तर वेस्टची लाइन. कमोडच्या टाकीतही रंग टाकून अर्धा तास फ्लश करायचं नाही. रंग भांड्यात उतरला तर टाकीतला वायसर गेलाय, पाणी वाया जातंय, पण ती गळती खालच्या छताची नव्हे. शेवटी लादीची परीक्षा. ओलं फडकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून नहाणीत घट्ट बसवायचं, उंबऱ्याच्या खाली राहील असं दीड-दोन इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करायची आणि चोवीस तास थांबायचं. पातळी उतरली आणि खालचे थेंब वाढले तर दोष वॉटरप्रूफिंगमध्ये. खाली फारच पाणी यायला लागलं तर लगेच फडकं काढून टाकायचं, शेजाऱ्यांच्या घरात तळं करायचं नाही.

तुमच्याकडे येणारा माणूस यातलं काही स्वतःहून सुचवतो का, हे ऐका. सुचवत नसेल तर तुम्ही सुचवा आणि त्याचा चेहरा बघा. चांगल्या कारागिराला बरं वाटतं, की घरातल्या बाईंना समजतंय. “ताई, एवढं काही करायची गरज नाही, मला अनुभव आहे” असं उत्तर आलं तर चहा पाजून निरोप द्या.

आता सर्टिफिकेटबद्दल. असतं, आणि ते दोन वेगळ्या गोष्टी सांगतं, त्यामुळे लोकांची गल्लत होते.

एक असतो महापालिकेचा परवाना. पालिकेच्या कागदोपत्री ‘परवानाधारक नळ कारागीर’ असा शब्द दिसतो. नवीन नळजोडणी, पालिकेच्या लाइनीवरचं काम, मीटर, गटाराची जोडणी अशा कामांना परवानाधारकच लागतो, तिथे दुसऱ्याचं चालत नाही. पण तुमचं काम घरातलं, सोसायटीच्या टाकीच्या पुढचं आहे. त्याला हा परवाना सहसा लागत नाही. शिवाय परवाना एकाच्या नावावर आणि हातात पाना दुसऱ्याच्याच, असंही सर्रास घडतं. म्हणून परवानाधारक म्हणवणाऱ्यालाही विचारा, “काम करायला तुम्ही स्वतः येणार का?”

दुसरं प्रशिक्षणाचं. आयटीआयमध्ये प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे आणि तो पुरा करणाऱ्याला राष्ट्रीय पातळीवरचं व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. २०१५ पासून प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेखालीही प्लंबरना शिकवलं जातं, आणि ज्यांना काम आधीपासून येतं त्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यायचीही सोय आहे. कुणी असा कागद दाखवला तर त्याला मान द्या. त्या मुलाने ट्रॅप म्हणजे काय, उतार किती ठेवायचा, कुठल्या पाइपाला कुठलं सोल्युशन (सांधे चिकटवायचा द्रव) लावायचं हे निदान एकदा कुणाकडून तरी नीट ऐकलेलं असतं.

पण कागद नाही म्हणून माणसाला परत पाठवू नका. मुंबई-पुण्याच्या इमारतींतलं कितीतरी प्लंबिंग ओडिशाच्या केंद्रपाडा जिल्ह्यातल्या लोकांनी केलेलं आहे. तिथे हा पिढीजात धंदा आहे. काकाच्या, भावाच्या हाताखाली हेल्पर म्हणून पोरगा येतो आणि पाच-सात वर्षांनी मिस्त्री होतो. त्याच जिल्ह्यातल्या पट्टामुंडाईला सरकारी प्लंबिंग प्रशिक्षण संस्थाही आहे. आपल्याकडची कोकणातली, मराठवाड्यातली मुलंही अशीच हाताखाली शिकलेली असतात. मला भेटलेले काही उत्तम प्लंबर शाळाही पुरी न केलेले होते, आणि मामांकडे तर मतदार कार्डाशिवाय दुसरा कागद नव्हता.

मग शोधायचं कुठे? तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा, पण प्रश्न नेमका विचारा. “चांगला प्लंबर आहे का?” असं विचारलं की जो सवयीचा आहे त्याचाच नंबर मिळतो. “आपल्या किंवा शेजारच्या सोसायटीत कुणाची खालच्या घरात होणारी गळती थांबली, आणि त्यानंतर एक पावसाळा गेला?” असं विचारा. त्या घरी फोन करा, शक्य असेल तर जाऊन बघा. तुमच्याच वयाच्या इमारतीत काम केलेला माणूस तुम्हाला जास्त उपयोगाचा, कारण जुना जीआय आणि जुनी नहाणी त्याच्या हाताखालून गेलेली असते. नवीन टॉवरमध्ये फिटिंग करणारा कितीही हुशार असला तरी ते काम वेगळं.

हार्डवेअरचा दुकानदारही नावं सांगतो. दुकानदार आणि प्लंबर यांच्यात कमिशनचा व्यवहार असतो, हे गृहीत धरा. त्यात मला फार वाईट वाटत नाही, रोजंदारीच्या माणसाला ते दोन पैसे सुटतात. माल खरा असावा एवढंच बघायचं.

अ‍ॅपचं म्हणाल, तर तुमच्या मुलाचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. नळ बदलणे, कमोडची टाकी दुरुस्त करणे, तुंबलेलं सिंक मोकळं करणे, अशा तासाभराच्या कामांना ते सोयीचं आहे. येणाऱ्याचं नाव, फोटो आधी कळतो, बिल मिळतं, तक्रारीला जागा असते, आणि एकट्या राहणाऱ्या बाईला हे महत्त्वाचं आहे. पण तुमच्या कामाला तोच माणूस तीन-चार दिवस, कदाचित दोन आठवड्यांत चार वेळा यायला हवा. अ‍ॅपवर दर खेपेला नवीन माणूस आला तर प्रत्येक जण पहिल्यापासून अंदाज बांधणार. म्हणून या कामाला जवळपासचा, पुन्हा हाक मारली तर येणारा माणूस बघा.

फोनवर सगळं सांगून टाकू नका. “खालच्या घरात गळती आहे, बघायला कधी याल, बघायचे किती घ्याल?” एवढंच विचारा. बघायचे पैसे मागितले तर जरूर द्या. फुकट बघणारा ते पैसे कामातून काढतो, म्हणून त्याला काम मोठं दिसावंच लागतं.

काम ठरलं की ते कागदावर घ्या. साध्या वहीच्या पानावर चालेल: काय फोडणार, कुठला पाइप टाकणार, कुठल्या कंपनीचा, मजुरी किती, माल कोण आणणार, लाद्या पुन्हा बसवणार कोण, राडारोडा कोण उचलणार. शेवटच्या दोन गोष्टी विसरल्या जातात आणि भांडण तिथेच होतं. वॉटरप्रूफिंग निघालं तर विचारा की ते कोण करणार. प्लंबर, वॉटरप्रूफिंगवाला आणि लाद्या बसवणारा गवंडी ही तीन वेगळी कसबं आहेत. “मीच सगळं करतो” म्हणणाऱ्याने ते याआधी कुठे केलंय ते दाखवावं. अशी दोन माणसांकडून दोन पानं घ्या. मी इथे दर लिहीत नाही, ते गावागणिक आणि कामागणिक बदलतात. पण एक पान दुसऱ्याच्या निम्म्याने असेल तर खूश होऊ नका, त्यात काय गाळलंय ते शोधा.

मालाबद्दल थोडं. गरम पाण्याच्या लाइनीला सीपीव्हीसी पाइप लागतो, त्यावर आयएसआयची खूण आणि आयएस १५७७८ हा क्रमांक छापलेला असतो. साधा पांढरा यूपीव्हीसी थंड पाण्यासाठी असतो, गिझरच्या लाइनीला कुणी तो सुचवला तर तिथेच थांबवा. वेस्टच्या पाइपासाठी आयएस १३५९२. चष्मा लावून छापील अक्षरं स्वतः वाचा, पक्कं बिल घ्या आणि जपून ठेवा. जुना जीआय आणि नवीन सीपीव्हीसी जोडतात तिथे पितळी आट्यांची फिटिंग लागते. प्लास्टिकचे आटे लोखंडावर आवळले तर आज ना उद्या चिरतात.

काम चालू असताना खुर्ची टाकून बसा. संकोच करू नका, घर तुमचं आहे. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळतोय का बघा. उलटी गुंडाळली तर फिटिंग आवळताना ती सुटून गोळा होते. सीपीव्हीसीचा सांधा करताना पाइप सरळ कापून, कड घासून, पुसून, पाइपाला आणि फिटिंगला दोन्हीकडे सीपीव्हीसीचंच सोल्युशन लावून, पाइप शेवटपर्यंत आत ढकलून थोडा फिरवायचा आणि अर्धा मिनिट धरून ठेवायचा. या अर्ध्या मिनिटाचा कंटाळा करणाऱ्यांनी मला फार शिकवलंय.

माझ्याच घरातलं सांगते. बाथरूमचं काम काढलं होतं, मी साइटवर होते, घरी कुणी नव्हतं. संध्याकाळी आले तर भिंत बंद करून लाद्या बसवून झालेल्या. टेस्ट केली का विचारलं तर प्लंबर म्हणाला, “केली मॅडम, पाणी सोडून बघितलं.” मी थकले होते, हो म्हटलं. चार महिन्यांनी पलीकडच्या खोलीतल्या कपाटाचा प्लाय फुगला आणि आईच्या नऊवारी साड्यांना बुरशी आली. भिंत उघडली. सांध्यातून निघालेला पाइप मी हातात घेऊन पाहिला. सोल्युशनचा पिवळा पट्टा जेमतेम नखाएवढा होता. पाइप फिटिंगमध्ये पुरता बसलेलाच नव्हता. नुसतं पाणी सोडून बघितलं तेव्हा तो टिकला, पण रोजच्या दाबाखाली हळूहळू सुटला. दोन साड्या वाचल्या, बाकीच्या गेल्या.

म्हणून ही अट कागदावर पहिली लिहा: प्रेशर टेस्ट झाल्याशिवाय आणि मी काटा पाहिल्याशिवाय भिंत बंद करायची नाही. त्याला छोटा हातपंप आणि गेज लागतो. तो भाड्याने मिळतो, कामाच्या प्लंबरकडे असतोच. सोल्युशन पुरतं वाळल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, सगळी तोंडं बंद करून लाइनीत दाब भरायचा आणि गेजच्या काट्याचा फोटो काढायचा. तासाभराने पुन्हा फोटो. काटा होता तिथेच असला पाहिजे. वॉटरप्रूफिंग केलं तर लाद्या बसवायच्या आधी पुन्हा ती चोवीस तास पाणी साठवायची परीक्षा, आणि त्या वेळी खाली वहिनी हजर. त्यांनी कोरडं छत स्वतः पाहिलं की जिन्यातली अढीही सुटेल असं मला वाटतं.

पैसे टप्प्याने द्या. सुरुवातीला मालापुरते, भिंतीच्या टेस्टनंतर मोठा भाग, आणि शेवटचा हप्ता खालचं छत दोन आठवडे कोरडं राहिल्यावर. हे आधी सांगितलंत तर चांगला माणूस मान्य करतो. उलट शेवटचे पैसे देताना घासाघीस करू नका, ठरलेले पूर्ण द्या. पुढच्या वेळी रात्री नळ फुटला तर तोच धावून येणार आहे.

सुरक्षेची एक गोष्ट. गिझरच्या खालचा सेफ्टी व्हॉल्व्ह कधी कधी ठिबकतो. कुणी “बंद करून टाकू, कटकट नको” म्हणाला, तर त्याला गिझरला हात लावू देऊ नका. आतला दाब वाढला की तो व्हॉल्व्ह पाणी बाहेर सोडतो. ती वाट बंद केली तर गिझर फुटू शकतो. आणि गिझरचं काम करताना स्विच नव्हे, एमसीबी, म्हणजे मीटरच्या बोर्डावरचा त्या लाइनीचा खटका, बंद करायचा. कामाच्या दिवशी शेजारच्या कुणाला तरी सांगून ठेवा, कपाटाच्या किल्ल्या पदराला ठेवा. अविश्वास म्हणून नव्हे, एकटं राहताना ही शिस्त असावी.

खर्च कुणाचा, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे तुमच्या संडास-बाथरूम-सिंकमधून होणारी आतली गळती सभासदाने दुरुस्त करायची, आणि बाहेरच्या सामाईक पाइपाची, डक्टमधल्या ड्रेनेज लाइनीची गळती सोसायटीने. म्हणून वरच्या परीक्षांत तुमची नळाची लाइन, नहाणी आणि लादी तिन्ही निर्दोष निघाल्या, तर सेक्रेटरींना लेखी पत्र द्या आणि डक्टमधला उभा पाइप तपासायला सांगा. तुमच्या बाथरूमच्या लाद्या फोडून झाल्यावर दोष डक्टमध्ये सापडला, असं मी पाहिलंय. काम तुमच्याच बाजूचं निघालं तरी सोसायटीला आधी लेखी कळवा. आणि पैसे घेऊन काम बिघडवलेला माणूस दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे बिल आणि ते वहीचं पान कामाला येतं.

दुसऱ्या प्लंबरला दिलेल्या पैशांचं मनाला लावून घेऊ नका. त्याला परत बोलवायचीही गरज नाही.

आज एवढंच करा. डक्टची खिडकी उघडून तुमच्या घराचा वॉल्व्ह कुठला ते सेक्रेटरींकडून समजून घ्या आणि तो फिरतो का बघा. जुन्या इमारतींत वर्षानुवर्षं न हललेले वॉल्व्ह जाम झालेले असतात. जाम असेल तर जोर लावू नका, मान तुटली तर घरात पाण्याचा लोंढा येईल. तसं असेल तर नव्या प्लंबरला पहिलं काम तेच द्या: वॉल्व्ह बदलून द्यायचा. अर्ध्या दिवसाचं काम आहे. त्यात तो माणूस हत्यारं कशी ठेवतो, टेप कशी गुंडाळतो, गेल्यावर जागा पुसून जातो का, हे सगळं तुम्हाला बसल्या जागी दिसेल, आणि बाथरूम त्याच्या हवाली करायची की नाही ते तुम्ही ठरवू शकाल. थेंबांचे आकडे मिळाले की मला कळवा, फोटोही पाठवा.